हेडलाइटमधली चिमणी

साताऱ्यात आमच्या गल्लीत आता चिमण्या फारशा दिसत नाहीत, पण संध्याकाळी साडेसहाला एक चिमणी हमखास ओरडत येते. आधी पानपट्टीच्या कोपऱ्यावर, मग पिठाच्या गिरणीपाशी, मग आमच्या फाटकात. चिव-चिव, चिव-चिव, अगदी ठेक्यात. तिचा आवाज गिरणीपर्यंत आला की आई चहाचं आधण ठेवते. बाबा आले.

चिमणीचा मुक्काम बाबांच्या येझदी मोटरसायकलच्या हेडलाइटच्या डोममध्ये. इंडिकेटरचा बझर तो. गल्लीत शिरताना बाबा डावा इंडिकेटर देतात. तो बंद करणं हे त्यांच्या लेखी घरी पोचल्यावरचं काम, चपला काढण्यासारखं.

गाडी 1986 ची. म्हैसूरच्या ज्या कारखान्यात ती जन्मली तो 1996 मध्ये बंद पडला, पण गाडी काही थांबायला तयार नाही. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. नव्या माणसाला हे समजावून सांगताना बाबांचा चेहरा असा खुलतो, की जणू तो दांडा त्यांनीच शोधून काढला. (मी आजवर निदान वीस पाहुण्यांना हे प्रात्यक्षिक बघताना बघितलंय. एकालाही गाडी सुरू करता आलेली नाही.)

बाबा गाडी शिकले ते इंडिकेटर नसलेल्या गाडीवर. तेव्हा हात दाखवायचा. उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा बाहेर. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट गोल गोल फिरवायचा. हा नियम आजही पुस्तकात आहे आणि लायसन्सच्या परीक्षेला पाठ करावा लागतो. आता मोटरसायकलवर उजव्या हातात असतो ॲक्सिलरेटर, आणि पुढचा ब्रेकही. म्हणजे ऐन वळणावर वेग आणि ब्रेक दोन्ही सोडून हवेत रवी घुसळायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं. मागून येणाऱ्याला आपण डावीकडे वळतोय, त्याला पुढे बोलावतोय की माशी हाकलतोय, कळायला मार्ग नाही.

इंडिकेटर आला आणि हात मोकळा झाला, पण डोक्याला एक काम वाढलं. हात दुखायला लागला की आपोआप खाली येतो. इंडिकेटर दुखत नाही. चारचाकीत हा प्रश्न स्टिअरिंगने सोडवला. वळण संपून चाक उलटं फिरलं, की आतली खुंटी खटका पाडते आणि इंडिकेटर बंद होतो. दुचाकीला ही सोय नाही, कारण धावती दुचाकी हँडल फिरवून वळतच नाही, कलून वळते. हँडल हलतं ते इतकं थोडं, की त्याच्या जिवावर खटका पडणं कठीण. मग आठवण ठेवायची कोणी?

जपान्यांनी यावर बराच विचार केला होता. सत्तरच्या दशकात होंडाच्या काही मोठ्या मोटरसायकली अमेरिकेत जायच्या त्या कारखान्यातूनच इंडिकेटरचा बझर लावून. इंडिकेटर लागला की बझर बोंबलायला सुरुवात. तिथल्या बऱ्याच मालकांनी पहिलं काम केलं ते त्याची वायर उपटून टाकण्याचं. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटली. यामाहाची युक्ती जास्त सभ्य होती: इंडिकेटर दिल्यावर दहा सेकंद किंवा दीडशे मीटर, यातलं जे उशिरा संपेल ते संपलं की इंडिकेटर आपला आपण बंद. बोलणं नाही, टोचणं नाही. घरात एखादी समंजस आत्या असते, न बोलता मागून दिवे मालवत जाणारी, तशी.

आमच्याकडे आत्या नाही, चिमणी आली. नव्वदच्या दशकात हा बझर स्पेअर पार्टच्या दुकानातून घराघरांत शिरला. आवाज तोच, जो दाराच्या बेलला असायचा. त्यामुळे बाबा कोपऱ्यावर वळले की शेजारच्या काकू दार उघडून बघायच्या. काकूंनी शेवटी स्वतःची बेल बदलली. आता त्यांच्या दारात आरती वाजते.

बझर बसवण्याचा प्रसंग मला लख्ख आठवतो. मिस्त्रींनी डाव्या इंडिकेटरची एक वायर घेतली, उजव्याची एक घेतली, दोन्हींना पीळ मारून बझरच्या लाल वायरला जोडलं आणि डावा इंडिकेटर लावला. चारही दिवे एकदम उघडझाप करायला लागले. डावीकडचा करंट बझरपाशी येऊन तसाच उजवीकडे जात होता. मिस्त्री थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, कुठंबी वळा आता." मग शेजारच्या रेडिओवाल्याकडून दोन डायोड आणले. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार. दोन्ही वायरींमध्ये एकेक बसवला, की डावीकडचा करंट बझरपर्यंत येतो पण उजवीकडे घुसू शकत नाही. रुपया-दोन रुपयांची वस्तू. संयुक्त कुटुंबातही ही सोय असती तर बरं झालं असतं, असं आई तेव्हा म्हणाल्याचं आठवतं.

चिमणीचा ठेका ठरतो फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या डबीवर. जुन्या फ्लॅशरच्या डबीत धातूची पट्टी असते. करंट वाहिला की ती तापते, वाकते, संपर्क तुटतो. गार झाली की परत जागेवर येते. हे मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हावं अशी अपेक्षा. पण सहा व्होल्टची बॅटरी म्हातारी झाली आणि इंजिन सावकाश चालत असलं की दिवा मलूल होतो आणि चिमणीला धाप लागते. चि...व, चि...व. बॅटरी बदलायला झाली हे बाबांना नेहमी चिमणीनेच सांगितलंय.

या यंत्रात एक मूलभूत गोची आहे. गाडी पळत असताना टू-स्ट्रोक इंजिनाचा फटफटाट, वारा आणि डोक्यावर हेल्मेट, यात बझर ऐकू येत नाही. ऐकू येतो तो सिग्नलला उभं असताना, तेही बाजूच्यांना. ज्याच्यासाठी ओरडायचं तो सोडून सगळ्या गावाला ऐकू जाणारं हे यंत्र. खरं काम करतात ती बाजूची माणसं. आपल्याकडे अनोळखी माणूस एरवी पत्ता विचारला तरी चुकीचा सांगेल, पण चालत्या दुचाकीवरून दुसऱ्या चालत्या दुचाकीला सूचना देताना त्याच्याइतका निरपेक्ष कोणी नाही. "स्टँड!" "ओढणी सांभाळा!" "काका, इंडिकेटर!" किंवा न बोलता पाच बोटांची उघडमीट. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचे हेडलाइट कायम चालूच राहायला लागले, तेव्हा कितीतरी दिवस लोक भर दुपारी एकमेकांना बोटं मिटून दाखवत होते, आणि समोरचा बंद न होणाऱ्या दिव्याबद्दल ओशाळत होता.

बाबांना कोणी असं सांगितलं की ते आज्ञाधारकपणे अंगठ्याने बटण सरकवतात. पण मूळ स्विच केव्हाच गेला. आता आहे तो कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा, आणि तो मधोमध आणून थांबवावा लागतो. जरा जोर झाला की डावा बंद होऊन उजवा सुरू. सांगणारा समाधानाने पुढे निघून गेलेला असतो.

गेल्या दिवाळीत मी बाबांच्या मागे बसलो होतो. पोवई नाक्यावर गर्दी तुंबली म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. चिमणी जोरात ओरडत होती. आजूबाजूचे चारजण वळून बघत होते. बाबा शांत.

"बाबा, इंडिकेटर."

"छे, वाजला असता की. बझर गेलाय बहुतेक. पुण्याहून येताना नाना पेठेतून दुसरा घेऊन ये."

मी दुसरा आणला. आधीच्यापेक्षा कर्कश. बाबा म्हणाले, "हाही बोगस निघाला." मग गुढीपाडव्याला त्यांना जरा कणकण वाटली म्हणून आईने काखेत थर्मामीटर लावला. तो वाजला, वाजून वाजून थांबला, आणि बाबा आपले हात दाबून बसलेलेच. आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे.

वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बोलणं ऐकू येतं, ढोल ऐकू येतो, आईचं "अहो" तर दुसऱ्या मजल्यावरूनही ऐकू येतं. जाते ती बारीक, टोकदार किणकिण. आणि बझर नेमका तिथलाच रहिवासी. बाबांना हे सांगायची हिंमत दोघांनाही झाली नाही. आई एवढंच म्हणाली, "जाड आवाजाचा मिळत नाही का रे?"

मिळतो, पण शोधावा लागतो. नाना पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, "चिमणी, टूं-टूं, का गाणं?" मी म्हटलं, खर्जातला दाखवा. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी तानपुरा घ्यायला चुकून तिथे शिरलोय. शेवटी बुधवारी जुन्या बाजारात एक जुन्या पद्धतीचा सहा व्होल्टचा बझर सापडला. आत तारेचं वेटोळं, ते पत्र्याला ओढतं, ओढताच संपर्क तुटतो, पत्रा मागे येतो, परत ओढतं. पूर्वी ऑफिसात साहेबांच्या टेबलाखाली असायचा तसा. आवाज घर्रर्र.

पुढच्या शनिवारी तो बसवला. बाबा एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "गाडीच्या घशाला काय झालंय?" पण ऐकू आला! कोपऱ्यावर वळले, घर्रर्र झालं, त्यांनी अंगठ्याने बटण मधोमध आणलं, बरोबर मधोमध, आणि गाडी मुकाट्याने फाटकात आली. मला कृतकृत्य वाटलं. रविवारी रात्री मी पुण्याला परतलो.

चार दिवसांनी आईचा फोन. "अरे, हे येतात तेच कळत नाही. काल दार वाजवलं तेव्हा समजलं. चहा नाही, काही नाही. मग बसले तोंड पाडून."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. ह्यांनीच काल मिस्त्रींना बोलावलं होतं."

"आणि?"

तेवढ्यात तिच्या आवाजामागून, बहुधा गिरणीपाशून, ते ऐकू यायला लागलं. चिव-चिव, चिव-चिव.

"ठेव फोन," आई म्हणाली, "आधण टाकते."