शेवटच्या रांगेसाठी वाचताना

रविवार, रात्री साडेअकरा

घसा पार बसलाय. तीन दिवसांचा महोत्सव आज संपला, आणि त्यातल्या दोन रात्री मी माइकवर सिनेमा वाचला.

शुक्रवारी मी शेवटच्या रांगेच्या मागे उभी होते. विस्थापनावरचा माहितीपट होता, परक्या भाषेतला, खाली उपशीर्षकं. बंदराकडची बरीच माणसं आली होती. त्यांनी यावं म्हणून आम्ही महिनाभर वस्तीत फिरलो होतो. दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली, "काय म्हणतोय तो?" एक मुलगा आजीला वाचून दाखवत होता, पण त्याची एक ओळ सांगून होईस्तोवर पडद्यावर तिसरी आलेली असायची. उपशीर्षक दोन ओळींचं, टिकणार फार तर पाच-सहा सेकंद. भराभर वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. जिला अक्षरओळखच नाही, तिला नुसते हलणारे ओठ दिसतात. अर्ध्या तासात तीन रांगा रिकाम्या झाल्या. घर सुटलेल्या माणसांचा सिनेमा, आणि तो ज्यांना सगळ्यात आधी कळला असता तीच माणसं उठून गेली. मला ते फार लागलं.

शनिवारी इटालियन दिग्दर्शक लुकिनो विस्कोंतीचा 'ला तेर्रा त्रेमा' होता, १९४८चा. रात्रीच ठरवलं, याचे संवाद आपण आपल्या भाषेत माइकवर मोठ्याने वाचायचे. पहाटे संवाद उतरवायला बसले आणि सुरुवातीच्या पाटीपाशीच थबकले. सिसिलीतल्या आची त्रेत्झा गावचे मच्छीमार, मजूर, गवंडी, पोरीबाळी हेच यातले नट. सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नाही, असं ती पाटी सांगते. माणसं पडद्यावर आपल्या बोलीतच बोलतात. ती बोली बाकीच्या इटलीलाही कळेना, म्हणून वरून इटालियन निवेदन घालावं लागलं. हे मला वाचून माहीत होतं, पण आदल्या रात्रीच्या रिकाम्या रांगा पाहिल्यावर ते पहिल्यांदा नीट उमगलं. आपण करतोय ते काही जगावेगळं नाही, याचा धीरही आला.

वाचायचं कसं, हे करता करताच कळलं. अर्धे संवाद गाळले. आवाज बदलून नाटक करायचं नाही, साध्या सुरात सांगायचं. माणूस बोलायच्या आधी आपण बोललो तर त्याचा चेहरा वाया जातो. किंचित उशीर झालेला चालतो. आणि लाट आली की गप्प बसायचं.

अडीच तासांहून मोठा सिनेमा, पण कुणी उठलं नाही. सिनेमातला तरणा मच्छीमार 'न्तोनी मासळीच्या व्यापाऱ्यांचा तराजू समुद्रात भिरकावतो तिथे बायकांच्या बाजूने एक मोठ्ठं हसू फुटलं, मग टाळ्या. पुढे तो घर गहाण टाकतो, स्वतःची मासळी स्वतः खारवून पिंपं भरतो, आणि वादळात होडी जाते. ती पिंपं व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागतात. तो प्रसंग आला तेव्हा मी ओळी वाचल्या खऱ्या, पण त्या वाचायची गरज नव्हती. शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

चर्चेत आम्ही एक गोष्ट बदलली: माइक आधी मागे नेला, पाहुण्यांकडे नंतर. एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "घर गहाण टाकलं तेव्हा तो एकटा होता. आणखी चार होड्या सोबत असत्या, तर?" मी या सिनेमावर बरंच वाचलंय. विस्कोंतीला काय सांगायचं होतं ते इतक्या थोडक्यात मांडलेलं मला कुठे आढळलं नव्हतं.

हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो व्हेनिसच्या महोत्सवात. तो महोत्सवही १९३२ साली लिडो बेटावर, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झालेला. आमच्याकडे जाळी विणायची शेड आणि खारी हवा खाऊन दमट झालेला एक पडदा. मोठे महोत्सव हवेतच. सिनेमे तिथे पोहोचतात म्हणून तर पुढे आमच्यापर्यंत येतात. पण त्या तराजूपाशी जे हसू फुटलं, ते ऐकायला इथेच यावं लागतं.

निघताना शुक्रवारच्या त्या आजींनी माझं मनगट धरलं. त्या परत आल्या होत्या! "घाऊक व्यापारी, घाऊक व्यापारी काय म्हणत होतीस गं? दलाल म्हण की सरळ."

म्हणून आज दुपारी शेवटच्या सिनेमाचे कागद घेऊन वस्तीत गेले. आजी आणि त्यांची सून माझ्याजवळ बसल्या. मी वाचत गेले, त्या अडवत गेल्या. किती तरी शब्द बदलले, दोन वाक्यं तर त्यांनी सबंध नवीनच सांगितली, माझ्यापेक्षा कितीतरी नेमकी. समासात सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा झाल्या.

संध्याकाळी माइक सुरू केला तेव्हा आजी पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, तशा हात हलवून म्हणाल्या, "हळू वाच गं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."