हापशाचं पाणी कोण चढवतं?

हापसा मारताना पाणी आपण ओढून काढतो असं प्रत्येकाला वाटतं. वाटणारच. दांडा आपल्या हातात असतो आणि घामही आपलाच निघत असतो. पण परसातल्या आडावर बसवलेला जुना, बुटका हापसा घ्या. त्यात पाण्याला आपला हात कुठेच लागत नाही. आपण उचलतो तो दट्ट्या, म्हणजे खरं तर नळीवर बसलेला हवेचा भार. तो बाजूला झाला की आडातल्या पाण्यावर जी बाहेरची हवा ठाण मांडून बसलेली असते, ती पाण्याला नळीत ढकलते. आपण वाट मोकळी करून देतो, चढाई हवा करते.

अर्थात हे कळायला वायसर शाबूत पाहिजे. उन्हाळ्यात हापसा चार दिवस बंद राहिला की आतलं चामड्याचं वायसर सुकून आक्रसतं. मग दांडा भसाभस वरखाली होतो आणि तोटीतून नुसता फुसफुस आवाज येतो. अशा वेळी वरून तांब्याभर पाणी ओतायचं आणि थोडं थांबायचं. चामडं भिजून फुगतं, नळीच्या भिंतीला घट्ट बसतं, वरची हवा खाली शिरायची बंद होते. पुढच्या दोन-चार हिसक्यांत दांडा अचानक जड लागतो. हा जडपणा ज्याने हाताने अनुभवलाय त्याला पोकळी म्हणजे काय हे फळ्यावर शिकवायची गरज नाही.

आता यातली खरी मौज. हा हापसा आड खोल असला की चालत नाही. वायसर नवं घाला, झडप बदला, दांड्याला पोरं लटकवा, काही उपयोग नाही. आमच्या नात्यातल्या एकांनी विहिरीच्या काठावर मोटार बसवली आणि मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर ती नुसती घरघरू लागली. फुटबॉल तपासून झाला (पाइपाच्या तळाच्या झडपेला, म्हणजे फूट-व्हॉल्व्हला, गावाकडे फुटबॉलच म्हणतात, आणि दुकानदारही तोच काढून देतो), पाइप तपासून झाला. शेवटी मिस्त्री आला, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "दादा, मोटारीत काही खोट नाही. पाणी लई खाली गेलंय. मोटार खाली उतरवा." पंचवीस फुटांच्या वर मोटार पाणी धरत नाही, हा त्याचा हिशेब.

हाच संवाद जवळजवळ याच शब्दांत सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीत छापून आला आहे. गॅलिलिओच्या 1638 सालच्या ग्रंथात सॅग्रेडो नावाचं पात्र सांगतं, की एका टाक्यावरचा पंप पाणी देईना म्हणून मी कारागिराला बोलावलं. तो म्हणाला, दोष पंपात नाही, पाण्याची पातळी फार खाली गेली आहे. पंप लहान असो की मोठा, अठरा हातांपलीकडे तो पाणी केसभरही चढवू शकत नाही. म्हणजे आजच्या मापाने सुमारे 10 मीटर. एवढं सगळं त्या बिननावाच्या कारागिराला माहीत होतं. का, ते मात्र गॅलिलिओलाही सांगता येईना. त्या काळची विद्वानांची समजूत अशी, की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, म्हणून पाणी धावत येऊन ती भरतं. मग हा तिटकारा बरोबर अठराव्या हातावर संपतो कसा? गॅलिलिओने तोडगा काढला, की पाण्याचा स्तंभ टांगलेल्या दोरासारखा असतो आणि फार लांब झाला की स्वतःच्याच वजनाने तुटतो. सुंदर कल्पना. पंपापुरती चुकीची.

1642 मध्ये गॅलिलिओ गेला. शेवटचे काही महिने त्याच्याजवळ राहिलेल्या तोरिचेल्लीने हा प्रश्न उलटा करून पाहिला. पाण्याला वरून कोणी ओढत नसेल, खालून कोणी ढकलत असेल तर? ढकलणारी हवा असेल तर तिचं बळ ठरलेलं असणार, आणि जड द्रव ती तितकाच कमी चढवणार. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जरा जड. तेव्हा दहा मीटरच्या नळीसाठी घराच्या गच्चीपर्यंत चढायची गरज नाही. दोन हात लांबीची काचनळी पाऱ्याने भरली, तोंडावर बोट दाबून पाऱ्याच्या वाटीत उलटी केली आणि बोट काढलं. पारा उतरला आणि सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. वर राहिली ती पोकळी. 1644 च्या एका पत्रात त्याने लिहिलं आहे, की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो आहोत. डॉक्टर रक्तदाब 120 सांगतात तेव्हा माप या पाऱ्याच्या नळीचंच असतं. 120 मिलिमीटर पारा तोलून धरेल इतका दाब, एवढाच त्याचा अर्थ.

पण लोक सहजी मानतात होय? रिकाम्या जागेत पाऱ्याची वाफ भरलेली आहे आणि तीच पाऱ्याला खाली दाबते, असं म्हणणारे होतेच. त्यांना फ्रान्समधल्या पास्कालने जो इंगा दाखवला तो मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडतो. त्याने रुआं शहरात जहाजाच्या डोलकाठीला बांधून चाळीसेक फूट लांबीच्या काचनळ्या उभ्या केल्या. एकीत पाणी, दुसरीत तांबडी वाइन. वाफेवाल्यांना आधी विचारलं, बोला, जास्त खाली कोण उतरेल? वाइनची वाफ जास्त, म्हणून वाइन, असं त्यांच्या तर्काने उत्तर येत होतं. नळ्या उलट्या केल्या तर वाइन पाण्याच्याही वर थांबली. कारण ती पाण्यापेक्षा हलकी. तोलायचं वजन तेवढंच, म्हणून स्तंभ थोडा उंच.

नंतर त्याच्या मनात आलं, समुद्राच्या तळाशी दाब जास्त, तर डोंगरावर तो कमी असायला हवा. स्वतःची तब्येत नाजूक, म्हणून थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत दाजींना, त्याने कामाला लावलं. 19 सप्टेंबर 1648 रोजी हे दाजी, फ्लोराँ पेरिए, क्लेरमाँ गावातली मंडळी बरोबर घेऊन प्वी द दोम नावाचा डोंगर चढले. एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एका पाद्रीबाबांना बसवलं. वर पारा तीन इंचांहून अधिक उतरला. पेरिएने शिखरावर जागा बदलून बदलून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आडोशाला केला, वाऱ्यात केला. खालच्या नळीतला पारा दिवसभर जागचा हलला नव्हता. मला विचाराल तर या प्रयोगाचे निम्मे गुण त्या बागेत बसून राहिलेल्या पाद्रीबाबांना द्यायला हवेत. पुढे तत्त्वज्ञ देकार्तने ही कल्पना मीच पास्कालला सुचवली होती असा दावा केला. श्रेयाची भांडणं तेव्हाही अशीच होती.

याच हिशेबाने महाबळेश्वरला ओढणारा पंप समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे दीड मीटर कमी पाणी चढवेल. तोही कागदावर. पाइपातलं घर्षण आणि गळकी जोडणी धरली की मिस्त्रीचे पंचवीस फूट बरोबर येतात.

मग गावोगावच्या बोअरवर जो उंच लोखंडी हापसा उभा असतो, तो पन्नास-पन्नास फुटांवरून पाणी कसा आणतो? तर तो हवेच्या भरवशावर राहतच नाही. त्याचं सिलिंडर खाली पाण्यात बुडवलेलं असतं, दांड्याला जोडलेल्या लांब सळ्या तिथवर जातात आणि दट्ट्या आपल्या वरचं पाणी थेट उचलतो. इथे मात्र वजन खरोखर तुमचं. पाणी 30 मीटर खोल असेल तर दट्ट्यावर नव्वद किलोंच्या आसपास भार येतो. दांड्याच्या तरफेमुळे तो आठ पटींनी हलका होतो म्हणून आठवीतली पोरगी हंडा भरू शकते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी लागतं तेच खोल, त्यामुळे या हापशाचं घराणंही इकडचंच: आधी जालना आणि सोलापूर इथे तयार झालेले पंप, आणि त्यांच्यावरून 1970 च्या दशकात उभा राहिलेला इंडिया मार्क-2. त्याआधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेले होते. त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडलं की सांधे खिळखिळे व्हायचे. सोलापूरच्या कारागिरीने दांड्याला साखळी आणि बेअरिंग दिलं, सांधे कमी केले.

राहता राहिला गॅलिलिओचा दोर. कोकणातला माड साठ-सत्तर फूट उंच जातो आणि शेंड्यापर्यंत पाणी नेतो. हवेची ढकल तर चौतीस फुटांवर संपते. आत ना दट्ट्या, ना वायसर. 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी मांडलं, की झाडाच्या केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात. पानातून पाणी उडालं की वरून ताण बसतो आणि मुळापर्यंतचा सगळा स्तंभ ओढला जातो. अगदी टांगलेल्या दोरासारखा. कधीकधी तो तुटतोही, नळीत हवेचा बुडबुडा अडकतो, आणि मग झाडाला त्या नळीवर पाणी सोडावं लागतं. म्हणजे पाणी ओढताही येतं. फक्त ते हापशाला जमत नाही.