द्रव्याचा हिशेब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. मी मात्र विज्ञानाच्या बाईंच्या एका आग्रहाविषयीच लिहिणार आहे. पाठ्यपुस्तकात द्रव्य आणि प्रदूषण हे पाठ एकमेकांपासून बरेच दूर असत. पहिला व्याख्यांसाठी आणि दुसरा निबंधासाठी, असेच आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी ते लागोपाठ शिकवले, आणि द्रव्य नाहीसे होत नाही हे नीट उमगल्याशिवाय प्रदूषणावर एक ओळही लिहू दिली नाही.

शंकुपात्रात सोडियम सल्फेटचे द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या लहान परीक्षानळीत बेरियम क्लोराइडचे, वर घट्ट बूच, अशी मांडणी त्यांनी आमच्यासमोर तोलली. पात्र तिरके करताच आत पांढरा साका उतरला, आणि पुन्हा तोलले तर वजन तेवढेच भरले. ते दिवस कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवण्याचे होते. खिडकीतून शिवारातला धूर दिसत होता. मागच्या बाकावरून कोणीतरी अहिराणीतच विचारले, "बाई, मंग हाऊ धूर कथा जास?" (मग हा धूर कुठे जातो?)

उरलेला तास त्या प्रश्नावरच गेला. १२ किलो कार्बन पूर्ण जळाला, तर हवेतला ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे त्यांनी फळ्यावर मांडले. जळते त्याहून जड काहीतरी हवेत जाते, हे आम्हाला सहजासहजी पटेना. म्हणून त्यांनी मॅग्नेशियमची फीत जाळून उरलेली पांढरी भुकटी फितीपेक्षा जड भरते हेही दाखवले. घोषणांच्या फलकांनी (ते आम्ही दरवर्षी रंगवत असू) जे साधले नाही, ते त्या भुकटीने साधले, असे माझे ठाम मत आहे.

आज मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. केळीच्या घडांना घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधावर पडून उन्हाने ठिसूळ होतात, त्यांचा चुरा मातीत मिसळतो आणि मुले म्हणतात, "सर, त्या कुजल्या." मी त्यांना तो चुरा कागदावर पसरून भिंगातून पाहायला लावतो: कण बारीक झालेला असतो, पण प्लॅस्टिकच असतो. ही पाहणी मी द्रव्याच्या पाठातच घेतो आणि प्रदूषणाचा पाठ दुसऱ्याच दिवशी सुरू करतो.