तलवारीचा बाक नेमके काय करतो

बाकदार तलवार सरळ तलवारीपेक्षा अधिक कापते, हे विधान इतक्यांदा कानावर आले की त्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हात गोल फिरवून वार केला की सरळ पाते लक्ष्यावर जवळजवळ काटकोनात आदळते. बाकदार पात्याची धार मात्र, टोकाकडे जावे तसतशी, तिरकी भिडते आणि दाबण्याबरोबरच ओढलीही जाते. डोंगर सरळसोट न चढता आडव्या वाटेने चढला की चढ सौम्य होतो, तसाच हा प्रकार आहे. ३० अंशांची धार ४५ अंशांनी तिरकी भिडली, तर वाराच्या दिशेने तिचा कोन सुमारे साडेएकवीस अंशच उरतो. पात्याला सहाणेवर न लावताच ते अधिक तीक्ष्ण झाले म्हणायचे. अर्थात इतका तिरकेपणा नुसत्या बाकातून क्वचितच मिळतो, उरलेला हात मागे ओढून साधावा लागतो, आणि तेवढे सरळ तलवारीनेही करता येते.

याची किंमत टोक मोजते. इराणी शमशेरच्या चित्रावर मुठीच्या रेषेत पट्टी ठेवली, तेव्हा टोक त्या रेषेपासून बरेच दूर गेलेले दिसले. अशा तलवारीने भोसकायचे तर मनगट विचित्र वळवावे लागणार. तुर्की किलिजमध्ये टोकाजवळचा भाग रुंद आणि दुधारी ठेवून यावर काहीशी तोड काढलेली दिसते.

जपानी कतानाचा बाक तर बराचसा पाणी देतानाच, म्हणजे तापवलेले पाते पाण्यात बुडवतानाच येतो. त्याआधी पात्याला लावलेला मातीचा लेप धारेवर पातळ आणि पाठीवर जाड असल्याने धार झटकन थंड होते, तिथले कठीण झालेले पोलाद अधिक जागा व्यापते आणि पाते पाठीकडे वाकते.

तरीही सरळ म्हणजे भोसकणारी, हे समीकरण मला पटत नाही. ब्रिटिश सैन्याने १७९६ मध्ये हलक्या घोडदळाला बाकदार तलवार दिली आणि जड घोडदळाला सरळ. पण त्या सरळ तलवारीचे टोक कुऱ्हाडीच्या पात्यासारखे बोथट, तोडण्यासाठीच घडवलेले होते. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईआधी अनेक पलटणींनी ते घासून अणकुचीदार करून घेतले.