कार सीट इंडियाला न्यायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. इकडे अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या ओळखीत कुणाकडे बाळ झालं की तीन-चार महिन्यांत फोन येतो. आधी झोप होत नसल्याची तक्रार, मग तिकिटांचे भाव आणि शेवटी मुद्द्याचं: "दादा, कार सीट इंडियाला न्यायची का? की तिकडे काय, मांडीवर घेतलं की झालं?"

कार सीट म्हणजे मोटारीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची. न्या. आणि सामानात टाकू नका, स्वतःबरोबर विमानात न्या.

थोरलीच्या वेळी आम्ही ती काउंटरवर दिली होती. कार सीटचे पैसे बहुतेक कंपन्या लावत नाहीत, म्हणजे फुकट ते पौष्टिक. लेक सात महिन्यांची, तिचं तिकीटही मांडीवरचं, म्हणजे वेगळी जागा नसलेलं. मुंबईला पट्ट्यावर सगळ्या बॅगा आल्या, सीट आली नाही. रात्रीचे अडीच वाजलेले, मी फॉर्म भरतोय आणि बाहेर आई नातीला घ्यायला हात पसरून उभी. मग पुण्यापर्यंत लेक तिच्याच मांडीवर. खंडाळ्याच्या घाटात एका ट्रकने इशारा न देता लेन बदलली, आमच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. आईने बाळाला छातीशी आवळून धरलं. काही झालं नाही. "बघ, मी आहे ना," आई म्हणाली.

मी इंजिनिअर, त्यामुळे नको तेव्हा डोक्यात हिशेब सुरू होतात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर सात किलोचं बाळ धरून ठेवायला जवळजवळ शंभर किलो उचलण्याइतका जोर लागतो. आईला तेव्हा दहा किलोची कणकेची पिशवी उचलवत नव्हती. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

सीट तिसऱ्या दिवशी घरी आली. बुडाशी केसाएवढी चीर होती. तडा गेलेली सीट वापरायची नसते, मग आईने तिच्यात कांदे-बटाटे ठेवले.

धाकट्याच्या वेळी त्याला स्वतःचं तिकीट काढलं. महाग पडलं, नाही म्हणत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर लाल अक्षरांत एक ओळ असते, ही सीट मोटारीत आणि विमानातही चालते अशी. निघायच्या आधी ती शोधा आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. आम्हाला दारातच अडवलं होतं. सीट उलटी करून ओळ दाखवल्यावर सोडलं. खिडकीचीच जागा घ्या, म्हणजे कुणाची वाट अडत नाही. गाडीत बांधून ठेवायचा खालचा बेस घरी ठेवा, विमानाच्या कमरपट्ट्याने नुसती वरची बादली, म्हणजे बाळ बसतं तो भाग, नीट बसते. तोंड मागच्या दिशेला ठेवावं लागत असल्याने पुढच्या गृहस्थांना खुर्ची मागे टाकता येत नाही. ते पंधरा तास आमच्यावर रुसले होते. आणि बाळाला पंधरा तास बांधून ठेवू नका. दर दोन तासांनी तरी बाहेर काढा, वर बेल्टचा दिवा नसेल तेव्हा.

विमानात एवढं कशाला, असं पुष्कळांना वाटतं. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवातल्या सू सिटीला एक डीसी-१० विमान कोसळलं, त्यात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यांना पायांशी जमिनीवर धरून ठेवायला सांगितलं गेलं. त्यातलं एक वाचलं नाही. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका, जॅन ब्राउन, पुढे कित्येक वर्षं मांडीवरची मुलं बंद करा म्हणून सरकारकडे खेटे घालत राहिल्या. सरकारचं म्हणणं असं की तिकीट सक्तीचं केलं तर लोक विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. दोन्ही बाजू मला पटतात, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलासाठी तिकीट न काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण तिकीट मांडीवरचं असलं तरी सीट गेटपर्यंत न्या. शेजारची जागा रिकामी निघाली तर विचारून पाहता येतं, नाहीतर विमानाच्या दारात द्या.

आता टॅक्सी. खरी परीक्षा तिथे. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: मागे पट्टे आहेत का, आणि सीएनजी आहे का. सीएनजी असेल तर डिकीत सिलिंडर, मग बॅगा पायाशी आणि सीटला जागा नाही.

पट्टे आहेत म्हणजे ते दिसतील असं नाही. आम्हाला न्यायला आलेल्या ड्रायव्हरकाकांनी मागच्या सीटवर चकचकीत रेक्झिनचं कव्हर घातलं होतं, पट्ट्याची कुलपं त्याच्या खाली गाडलेली. मी फटीत हात घातला तर आधी शेंगदाण्याची फोलपटं, मग एक पाच रुपयांचं नाणं, मग कुलूप. "साहेब, गाडी घेतल्यापासून याला कुणी हात लावला नाही," काका म्हणाले आणि नाणं खिशात टाकलं.

पुढची अडचण कुणी सांगत नाही. अमेरिकन गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो अडकून बसतो, ढिला पडत नाही. त्या टॅक्सीतला तसा नव्हता. झटका बसला तरच अडायचा, एरवी सरसर सुटायचा. त्यासाठी इंग्रजी एच अक्षरासारखी एक लोखंडी क्लिप मिळते, ती कुलपापासून इंचभरावर कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे एकत्र धरून बसवायची. सीटवर गुडघा रोवून पट्टा खेचायचा आणि मग पट्ट्यापाशी धरून हलवून बघायचं. इंचाहून जास्त हलली तर पुन्हा. काकांना यात इतका रस आला की तिसऱ्या खेपेला गुडघा त्यांनी रोवला. बैठक मागे उतरती होती आणि बाळाची मान कलत होती, तेव्हा आईने पिशवीतला पंचा गुंडाळून सीटखाली सारला. पंचा काढायचं तिला बरोबर सुचलं. नातू मांडीवर मिळाला नाही याचा रुसवा मात्र लोणावळ्यापर्यंत टिकला, कारण त्याचं तोंडही तिला दिसत नव्हतं.

आणि कायदा? २०१९ च्या दुरुस्तीपासून भारतात चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर हजार रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब. तिकडे न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीला कार सीटच्या नियमातून सूट आहे, तिथे बाळ मांडीवर चालतं. तेव्हा उगाच अमेरिकेच्या गप्पा मारू नका.

पुण्यात कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायला आम्ही रिक्षाच केली. रिक्षात कुठली सीट लावणार? धाकटा आजीच्या मांडीवर बसला आणि ती सारसबागेपर्यंत त्याच्याकडे बघून हसत होती.

आमची सीट गॅरेजमध्ये आहे. पाठीवर मुदतीची तारीख असते, तिला अजून दीड वर्ष बाकी आहे. हवी असेल तर शनिवारी येऊन घेऊन जा. क्लिप वेगळ्या पाकिटात ठेवली आहे, ती विसरू नका.