उलटं विमान

रविवार, रात्री साडेदहा

बुटांना पॉलिश झालं, युनिफॉर्म हँगरला लागला, तरी ते उलटं विमान डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले.

एनसीसीच्या एअर विंगमधलं हे माझं पाचवं वर्ष. शाळेत दोन वर्षं ज्युनियर विंग, त्यावर ‘ए’ सर्टिफिकेट. कॉलेजात आणखी दोन वर्षं, मग ‘बी’. आता तिसरं वर्ष आणि समोर ‘सी’.

शाळेत एक बरं होतं, ठरवायचं काहीच नसायचं. ‘दाहिने मुड़’ म्हटलं की वळायचं, ‘थम’ म्हटलं की थांबायचं. तेवढंही मला जमत नव्हतं म्हणा. ‘तेज चल’ला डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढे जायचा. पीआय स्टाफनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी, रांगेतून बाहेर काढून एकटीला कदमताल करायला लावली होती, अख्ख्या मैदानासमोर. अजून आठवलं की कान गरम होतात. बाकी ‘ए’ म्हणजे पाठांतर. स्थापना १९४८, ध्येयवाक्य ‘एकता और अनुशासन’, रँक खालून वर आणि वरून खाली.

‘बी’ला त्यात आकृत्यांची भर पडली. हवामान, नेव्हिगेशन, इंजिन, प्रिन्सिपल्स ऑफ फ्लाइट. हजेरी ७५ टक्के भरायची, कॅम्प करायचा, पेपर लिहायचा. पंखाचा छेद तर मी झोपेतही काढीन, वरची बाजू फुगीर, खालची सपाट, बाण लांब-आखूड.

आज तीच आकृती फळ्यावर काढली. पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची पाळी माझी होती. म्हटलं, वरची वाट लांबची, म्हणून वरची हवा जोरात पळते, कारण तिला मागच्या कडेला खालच्या हवेला गाठायचं असतं. वेग जास्त तिथे दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो. वह्या भराभर भरल्या. मलाही जरा बरं वाटलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर. “मॅम, मग वायुसेनेच्या सूर्यकिरण कसरत पथकाची विमानं उलटी कशी उडतात? तेव्हा फुगीर बाजू खाली जाते ना?”

मी खडू हातात धरून उभी. “चांगला प्रश्न आहे,” म्हणाले. उत्तर येत नसलं की सगळे हेच म्हणतात.

खरी लाज पुढेच होती. मागच्या आठवड्यात ह्याच मुलींकडून मी बाल्साच्या हलक्या लाकडाचा ग्लायडर करून घेतला होता. तो कपाटावरच होता. त्याचा पंख म्हणजे नुसती सपाट पट्टी, फुगवटा नावाला नाही. आणि तो मैदानभर उडाला होता. टाळ्या सगळ्यात मोठ्याने मीच वाजवल्या होत्या.

घरी येऊन तास-दीड तास वाचलं. वरची हवा जास्त वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, हे खरं. पण गाठायचं वगैरे काही नसतं. वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. पंख समोरून येणाऱ्या हवेशी कोन करून असतो आणि हवेला खाली वळवतो. हवा खाली, पंख वर. उलटं उडताना वैमानिक नाक आणखी वर धरून तो कोन साधतो. सपाट पट्टीही त्याच कोनावर उडते, फुगवटा असला तर काम सोपं होतं इतकंच. म्हणजे दोन वर्षं मी जी कहाणी घोकली ती अर्धी चूक, आणि तिच्यावर मार्कही मिळाले.

‘सी’ मला हवंय ते वायुसेनेच्या एनसीसी स्पेशल एंट्रीसाठी, हे कुणापासून लपलेलं नाही. तिथल्या मुलाखतीत हा प्रश्न आला असता तर? त्यापेक्षा शेवटच्या बाकावरून आला ते परवडलं.

त्या मुलीला फोन केला. “मी चुकीचं सांगितलं, पुढच्या रविवारी फळ्यावर दुरुस्त करते,” म्हटलं. ती म्हणाली, “चालेल मॅम, पण मी ग्लायडर घरी आणलाय, उलटा करून बघतेय. सारखा नाकावरच पडतोय.” मी विचारलं, मागच्या आडव्या शेपटीचा कोन बदललास का? तिने बदलला नव्हता. आपण तो बसवताना मागची कड किंचित वर ठेवली होती, ती उलटं केल्यावर खाली जाते आणि नाक दाबते, असं सांगितल्यावर तिने फोन तसाच ठेवून दिला. बहुतेक धावलीच.

ग्लायडरच्या नाकावर वजनासाठी लावलेली क्ले शाबूत परत आली म्हणजे मिळवलं.