कुत्र्याला घेऊन राकसकोप, वैजनाथ आणि थोडं जांबोटीकडचं

बेळगावात कुत्री पाळणारे एवढे वाढलेत, पण फिरवायचं कुठं म्हटलं की सगळे आपले क्याम्पातल्या रोडवर नाहीतर गल्लीत, आणि मोकळ्या रानात धावायला मिळाल्यावर जनावर किती खूश होतंय ते एकदा बघायलाच पाहिजे म्हणून हे लिहितेय.

आमची चिन्नी मुधोळ क्रॉस. मुधोळ हाउंड म्हणजे बागलकोटकडची शिकारी जात, वासापेक्षा नजरेवर पळणारी, लांब काहीतरी हललं की सुटलीच. त्यामुळे लांब पट्टा आणि छातीला हार्नेस, गळ्यातला पट्टा नको, हिसका बसला तर मानेला लागतंय.

सगळ्यात आवडती जागा राकसकोप. बेळगुंदी मागे टाकली की डोंगर जवळ येतात आणि मग मार्कंडेय नदीवरचं ते पाणी दिसतं. आम्ही धरणाच्या भिंतीकडे जात नाही, काठाकाठानं गवतातून पायवाट धरतो. पाण्यात मात्र तिला सोडत नाही, हेच पाणी शहराच्या नळाला येतं, आपणच पितो की, म्हणून तिच्यासाठी घरनं बाटली आणि वाटी. मागच्या खेपेला एक म्हशीवाले मामा समोरून आले, लांबूनच ओरडले, "बाई, साखळी धरा हं तेवढी, पुढची गाभण हाय!" मी वाट सोडून खालच्या बाजूला झाले, चिन्नीला गुडघ्याजवळ बसवलं आणि तिच्या तोंडासमोर हात धरला, म्हशी एकेक करून गेल्या, एकीनं थांबून जोरात फुंकर टाकली तर चिन्नीचे दोन्ही कान मागे चिकटले पण उठली नाही, किती शहाणी माझी बाय! मामा जाताना म्हणाले, असं धरणारं माणूस बरं वाटतंय बघा. रान त्यांचं आहे, आपण पाहुणे, एवढं प्रत्येक कुत्रेवाल्यानं पाळलंच पाहिजे.

वैजनाथचा डोंगर चंदगड तालुक्यात, देवरवाडीवरून चढायचा. हिवाळ्यात पहाटेच जावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं, आणि जांभ्याचा कातळ एकदा तापला की पंजे भाजतात. हाताची पालथी बाजू कातळावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद धरवत नसेल तर परत फिरा. देवळात कुत्रं न्यायचं नाही, एकानं बाहेर थांबायचं, आळीपाळीनं दर्शन.

आता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला रोड. तिकडं रिसॉर्टं आहेत, कुत्रं चालतं का ते फोनवर आधी विचारून घ्या. पण खोलीत चाललं म्हणजे जंगलात चाललं असं नाही! भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं कुत्रं न्यायचंच नाही, कुणी आतल्या वाटेनं नेतो म्हणाला तरी नको. एक तर अस्वलं, कुत्रं भुंकत अंगावर जातंय आणि घाबरून आपल्याकडेच पळत येतंय, मागनं अस्वल. दुसरं म्हणजे डिस्टेंपर. हा रोग पाळीव कुत्र्यांकडून रानकुत्र्यांना, म्हणजे कोळसुंद्यांना लागू शकतो, २०१८ ला गीरमध्ये सिंह मेले त्यातही हाच विषाणू सापडला होता. लस वेळेवर द्या, आणि तरीपण आत नेऊ नका.

घरी आल्यावर गोचीड बघायचेच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, काखेत. आमच्याकडं अजून रॉकेल लावायचा सल्ला देतात, लावू नका, चिमट्यानं कातडीला लागून धरायचं आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही. नंतर काही दिवसांत जेवण सोडलं, ताप वाटला किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका, डॉक्टरकडं न्या आणि रानात गेलो होतो हे आधी सांगा, म्हणजे रक्त तपासायचं लगेच त्यांच्या ध्यानात येतं.